शिरस्तेदारांचा कर्ण्यावरचा निकाल

गोपाळराव हुदलीकर न्यायालयातून शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले, त्याच सुमारास बेळगावात घरोघर दूरचित्रवाणी येऊ लागली. लोकांनी ती चित्रगीतांसाठी घेतली, गोपाळरावांनी फुटबॉलसाठी. तारुण्यात ते कॅम्पातल्या मैदानावर बचावफळीत खेळत. एका अटीतटीच्या सामन्यात पंचांच्या नजरेतून निसटलेला, चेंडूला झालेला स्वतःच्या हाताचा स्पर्श त्यांनी आपण होऊन सांगितला आणि संघ हरला. सोबत्यांनी बरेच दिवस अबोला धरला. पण गावात तेव्हापासून एक वाक्य रूढ झाले : हुदलीकर म्हणाले ना, मग तसंच. माणसाच्या शब्दाला असे मोल येणे ही पूर्वपुण्याई खरी. मात्र त्या शब्दाचा भार दुसऱ्याच्या अंगावरही पडू शकतो, हे कळायला त्यांना शहाऐंशी साल उजाडावे लागले.

त्या वर्षीच्या विश्वचषकाने त्यांना जितका आनंद दिला तितकाच मनस्ताप. खेळाविषयी तक्रार नव्हती. तक्रार होती ती स्टुडिओत कोट घालून बसलेल्या तज्ज्ञांविषयी. चेंडू एका पायाकडून दुसऱ्या पायाकडे ओघासारखा वाहत असावा आणि इकडे तज्ज्ञांनी यजमान मेक्सिकोच्या हवापाण्याचे निरूपण करावे! गोल झाला की तो अटळ कसा होता हे तेच गृहस्थ सांगत. हुकला, तर तो होणे मुळी संभवतच नव्हते, हेही तितक्याच शांतपणे. साक्षीदाराने पाहिले तेवढे सांगावे, निष्कर्ष कोर्ट काढील, असे पुटपुटत गोपाळराव उठत आणि संचाचा आवाज पूर्ण बंद करीत. जमलेल्या शेजाऱ्यांना मग मूक चित्रासोबत त्यांचेच समालोचन ऐकावे लागे. आणि मंडळी येत ती बहुधा त्यासाठीच.

दुसरी व्यथा खेळाडूंची. प्रतिस्पर्ध्याच्या सदऱ्याचा वारा लागावा आणि याने वज्राघात झाल्यागत भुईवर लोळावे. पंचांनी शिटी फुंकताच हरिणासारखे उठून धावावे. गोपाळरावांना संताप येई, त्याहून अधिक शरम वाटे. इतका त्रास होतो तर पाहता कशाला, असे त्यांच्या पत्नी सरोजिनीबाई विचारीत. ज्या वस्तूवर जीव जडला तिची विटंबना पाहवत नाही, आणि दृष्टी वळवणेही साधत नाही. अशी माणसे जगात पुष्कळ आहेत; ती हट्टी वाटतात, पण असतात भक्तच.

दसऱ्यानंतर गावात फुटबॉलची स्पर्धा भरली. कर्ण्यावरून समालोचन कोणी करायचे, याविषयी आयोजकांत दुमत झालेच नाही. गोपाळराव उपांत्य सामन्याला धूतवस्त्रे नेसून, देवदर्शनाला निघावे तसे निघाले.

मैदान नेहमीचेच. गणेशोत्सवात तिथे मंडप उभा होता. बांबू उपसल्यावर राहिलेले खड्डे कार्यकर्त्यांनी भुसभुशीत तांबड्या मातीने बुजवले होते. वरून पाहता जमीन सपाट दिसे. समालोचकाची खुर्ची पूर्वेच्या कडेला मांडलेली, त्यामुळे कलते ऊन थेट डोळ्यांत येत होते. तरीही उत्तरार्धापर्यंत त्यांची वाणी सुरेख चालली. मग वडगावच्या संघाचा भरमू चेंडू घेऊन एकटाच मुसंडी मारत निघाला. तो विणकराच्या घरचा, तेविशीतला जवान. त्याच्या आसपास प्रतिस्पर्धी नव्हता. आणि एकाएकी तो कोसळला. घोटा धरून लोळू लागला.

गोपाळरावांच्या डोळ्यांसमोर त्या क्षणी भरमू नव्हताच. तिथे ते सारे परदेशी लोळणारे होते.

“उठा भरमूअण्णा, पडदा पडला,” कर्ण्यातून शब्द गेले. “मेक्सिकोचं नाटक बेळगावात चालायचं नाही.”

मैदान हसले. हसणे थांबेना, तेव्हा भरमू उठला. शेवटची शिटी होईपर्यंत तो लंगडत धावला, आणि त्याच्या प्रत्येक लंगडण्याला लोकांनी टाळ्या दिल्या.

सहाव्या-सातव्या दिवशी सरोजिनीबाई इरकल साडी पाहायला वडगावात गेल्या आणि परतल्या त्या रिकाम्या हातांनी. भरमूचा पाय मंडपाच्या खड्ड्यात गेला होता. घोट्याचे हाड चिरले होते. त्यावर धावल्याने ते सरकले. आता पाय प्लास्टरमध्ये आहे. हातमागावर बसायचे तर दोन्ही पायांनी खालच्या पावड्या दाबाव्या लागतात, म्हणून माग बंद आहे. आणि गल्लीतली माणसे त्याला ‘नाटक कंपनी’ म्हणून हाक मारतात. हे सारे त्यांनी सांगितले. मग म्हणाल्या, “ते तुमचे तज्ज्ञ निदान मैदानापासून हजारो कोसांवर बसून बोलतात हो. तुम्ही तर तिथंच होतात.”

गोपाळराव उठले, चपला घातल्या आणि वडगावची वाट धरली.

भरमूच्या घरात माग मुका होता. त्याची आई गंगव्वा सुताच्या कांड्या भरत बसली होती. तिने चरखा थांबवला नाही. गोपाळरावांनी हात जोडून आपली चूक सांगितली. दुसरी बाजू ऐकल्यावाचून निकाल देऊ नये, हे जन्मभर कचेरीत पाहिलेल्या माणसाकडून असे व्हायला नको होते, असेही म्हणाले.

“तुमी उठ म्हणालासा म्हणून उठला त्यो,” गंगव्वा मान वर न करता म्हणाली. “न्हाय तर पडून ऱ्हायला असता. पाय तरी ऱ्हायला असता.”

भरमूने आईला हाताने थांबवले. त्याच्या बोलण्यात राग नव्हता. तेच अधिक लागले.

“घरापतुर आलासा, बरं वाटलं, साहेब. पन ते बोलणं कर्ण्यातनं गेलंय. त्याच्या मागं ह्या पायानं मी कसा पळू?”

पुढच्या रविवारी अंतिम सामना होता. गोपाळरावांनी आयोजकांना सांगितले, समालोचन करणार नाही. सुरुवातीला दोन वाक्ये बोलू द्या. आयोजकांना ते रुचले नाही. उत्सवात दुखणे कशाला, असा त्यांचा भाव; पण गोपाळरावांना नाही म्हणायची सवय गावाला नव्हती.

मैदान भरले होते. भरमूला त्याच्या वडिलांनी सायकलच्या कॅरिअरवर बसवून आणले होते आणि दोरीच्या कडेला एका पेटीवर टेकवले होते. गोपाळराव कर्ण्यापाशी गेले.

“मागच्या सामन्यात भरमू सोंग करतो असं मी म्हणालो. ते खोटं होतं. त्याचा पाय मोडला होता. मी पाहिलं नव्हतं, तरी सांगितलं.”

मग मागच्या रांगेतून कोणी तरी ओरडले, “आता म्हातारा सोंग करतोय रं!”

सारे मैदान पुन्हा हसले. तेच हसणे, त्याच उंचीचे. गोपाळरावांच्या जिभेवर उत्तर होते, कारण वाक्पटुतेत ते कोणाला हार जाणारे नव्हते. परंतु खरे दुखणे खरेच आहे हे पडलेल्या माणसाने सिद्ध तरी कशाने करायचे, हा प्रश्न त्यांना प्रथमच आपल्या देहात उमटल्यासारखा वाटला. ते तसेच उभे राहिले. हसणे ओसरू दिले. मग तीच वाक्ये, तितक्याच सावकाश, पुन्हा उच्चारली. या खेपेला कोणी हसले नाही. वडगावच्या बाजूने एकाने टाळी वाजवायला हात उचलले आणि तसेच खाली घेतले.

कर्णा सोडून ते दोरीच्या कडेने चालत आले. भरमूने प्लास्टरचा पाय दोन्ही हातांनी उचलून सरकवला आणि पेटीवर जागा केली.

“बसा, साहेब.”

सामना सुरू झाला. थोड्याच वेळात समोर एक खेळाडू धाडकन पडला आणि गुडघा धरून विव्हळू लागला. भरमू त्यांच्या कानाशी वाकला.

“ह्यो मातुर सोंगच करतोय बगा. वळखतो मी त्याला.”

गोपाळरावांनी ऐकल्याची मान हलवली, डोळ्यांवर हाताची सावली धरली, आणि पडलेला तो खेळाडू उठेपर्यंत वाट पाहिली.