घड्याळाचं कुलूप काढलं तेव्हा

परभणीला कॉलेजच्या शेवटच्या वर्षी आम्हा दोघांना मिळून एक छोटा कर्नल लिहून त्याचा वेग वाढवायचा होता. कर्नल म्हणजे संगणकाच्या आत राहून सगळ्या कामांना पाळी देणारा भाग. मी पालमकडचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, त्यामुळे हे काय करतोय ते घरी सांगता यायचं नाही. जोडीदार म्हणजे माझा मित्र, सेलूचा, कापसाच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याच्या वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, नापास झालास तर सरळ दुकानाच्या गादीवर येऊन बसायचं. त्याला गादी नको होती.

आमच्या कर्नलला एकच कुलूप होतं. एक काम आत गेलं की बाकीची सगळी बाहेर थांबायची. चूक कधी व्हायची नाही, पण फाईल डिस्कवर साठवताना टाईप केलेलं अक्षर पडद्यावर उशिरा यायचं. मित्र म्हणायचा, "परीक्षक झोपंल बघ हे बघत." मग आम्ही कुलूप तोडून दोन केली, एक डिस्कचं आणि एक पडद्याचं. अक्षरं पटापट उमटायला लागली. मित्राने त्या दिवशी मला हॉटेलात भजी खाऊ घातली.

पण मधूनच सगळं गप्प व्हायचं. मशीन बंद करून पुन्हा चालू केल्याशिवाय हलायचं नाही. का ते कळेना. त्यात विद्यापीठाच्या नामांतरावरून बंद असला की लॅब उघडायची नाही. अशाच एका बंदच्या आधी मिळेल ती एस.टी. धरून मी गावी गेलो.

आमची विहीर वडिलांची आणि चुलत्यांची सामाईक. पूर्वी मोटार चालू करायच्या स्टार्टरच्या पेटीची किल्ली आणि पाणी ज्याच्या त्याच्या रानाकडे वळवायला पाइपाचा व्हॉल फिरवायचा पाना एकाच सुतळीला बांधलेले असायचे. एकाचं भिजवणं होईपर्यंत दुसऱ्याचा खोळंबा. म्हणून दोन्ही वेगळे करून दोन घरी ठेवले होते. सकाळी मी विहिरीवर गेलो तर वडील किल्ली घेऊन बसलेले, चुलते पाना घेऊन.

"किल्ली द्या की भाऊ. पाना हाय माझ्यापाशी."

"पाना तू दे. किल्ली माझ्यापाशी हाय."

"आमी आधी आलोत."

"आलास तर बस. लाइन जाईस्तोवर बस."

दोघंही बसले. लाइन गेली, मोटारीला वीज उरली नाही. कुणाचंच रान भिजलं नाही. मला हसू आलं, आणि तेवढ्यात आमचं मशीन आठवलं. फाईल पडद्यावर दाखवणारं काम आधी डिस्कचं कुलूप घ्यायचं, मग पडद्याचं. पडद्यावरचं डिस्कवर साठवणारं काम उलट करायचं. दोन्ही कामं एक-एक कुलूप धरून दुसऱ्याची वाट बघत बसत होती.

परभणीला परतल्यावर आम्ही नियम केला. दोन्ही लागत असतील तर कुणीही असो, डिस्कचं कुलूप आधी. अडकणं थांबलं. पण पडदा साठवणाऱ्या कामाला आता सुरुवातीपासूनच डिस्कसाठी ताटकळावं लागायचं. मिळवलेल्या वेगातला बराचसा परत गेला.

"मग तोडलं कशाला?" मित्र म्हणाला. त्याचा चेहरा बघवत नव्हता. थोड्या वेळाने तोच म्हणाला, "नुसतं वाचायचंय त्याला कुलूप कशाला लागतंय? काढून टाकू."

मला धीर होईना, पण नाही म्हणायलाही जड जात होतं. पडद्याच्या कोपऱ्यातलं घड्याळ आणि फाईलींची यादी, दोन्हींचं वाचणं बिनकुलपी केलं. लय जोरात चालायला लागलं. मग मित्राने एक फाईल पुसून दुसरी साठवली. यादीत पुसलेली दिसतच राहिली. त्याने उघडली, तर आत दुसऱ्याच फाईलचा मजकूर. त्याने स्वतःच यादीला कुलूप परत लावलं. घड्याळाचं तसंच राहू दिलं.

परीक्षेच्या दिवशी बाहेरून आलेल्या सरांनी चपला काढून लॅबमध्ये पाऊल ठेवलं आणि पहिलंच विचारलं, "यादी इतकी सावकाश का येते?"

मित्र बोलला, "सर, घड्याळ क्षणभर मागं राहिलं तर कुणाचं काही जात नाही, म्हणून ते मोकळं सोडलंय. यादी मागं राहिली तर माणूस भलत्याच फाईलवर लिहितो, आणि फाईल जाते."

"म्हणजे वेग वाढवायचा प्रोजेक्ट, आणि वेग घड्याळातच?"

"थोडा टायपिंगमध्येपण आहे, सर."

सर हसले. त्यांनी फाईल दाखवायचं आणि पडदा साठवायचं, दोन्ही कामं एकदम चालवून पाहिली, पुन्हा पुन्हा. अडकलं नाही.

निकालात आम्ही दोघंही पास झालो, गुण बेताचेच. मित्राबरोबर मी सेलूला गेलो. त्याच्या वडिलांनी गुणपत्रक हातात घेतलं, "बरं" म्हणाले आणि गादीवर त्याच्यासाठी ठेवलेल्या जागेवर आपल्या पुतण्याला बसवलं. मित्राला हवं होतं ते मिळालं होतं. तरी पुतण्या तिथे मांडी घालून बसला तेव्हा मित्र थोडा वेळ दारातच उभा राहिला. मग मला म्हणाला, "चल, स्टेशनवर जाऊ. नोकरीच्या जाहिराती आल्या असतील पेपरात."

आम्ही चालत निघालो.