डावी बाजू

ढोकीत कारखान्याच्या रस्त्यावर गाड्यांच्या साउंडचं काम करणारा एकजण आहे. ट्रॅक्टरवाले त्याच्याकडं कानठळ्या बसवणारा आवाज मागतात. "मोठा देतो, पण फाटका देणार न्हाय," एवढंच तो म्हणतो. गाणं लावलं, की हातातलं काम थांबवून डोळे मिटतो.

माझ्या गाडीत त्यानं जाड आवाज मोठ्या स्पीकरला आणि बारीक आवाज छोट्याला वाटून देणारा प्रोसेसर बसवला. तरी मी तिसऱ्यांदा तक्रार घेऊन गेलो. "डावीकडचा आवाज कमी येतोय. थोडा वाढवून दे."

लॅपटॉपवर एक बटण दाबलं असतं, तर काम झालं असतं. त्यानं गाणं लावलं आणि मला सीटवर गुडघे टेकून मागं तोंड करायला लावलं. आता माझ्या डाव्या कानाकडं उजवा स्पीकर आला, आणि मला तोच कमी ऐकू आला.

त्यानं गाणं बंद केलं. हळूच म्हणाला, "सर, गाडीत कायबी न्हाय. कान दाखवून घ्या. आजच."

मला रागच आला. तरी गेलो. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात. औषधानं बरंच ऐकू यायला लागलं; सगळं नाही.

महिन्यानं हे त्याला सांगितलं. त्यानं लॅपटॉप जोडला आणि डावी बाजू थोडी वाढवली.

"मग त्या दिवशीच का नाही वाढवलीस?"

"तवा वाढवली असती, तर तुमी दवाखान्यात गेलाच नसता."