उसवलेलं नाव

इर्मा हलुश्चाकला कुणी विचारलं, तू काय करतेस, तर ती म्हणे, "नावं शिवते." कॅनडाच्या सास्काचेवान प्रांतातल्या त्या गावात, बर्फाच्या मैदानामागच्या खोलीत, एकोणीस वर्षं ती हॉकीपटूंच्या जर्सीवर नावं शिवत होती. खेळाडू आला की शिवायचं, गेला की उसवायचं. हात इतका हलका, की उसवल्यावर कापडावर भोकही दिसू नये.

भानगड एवढीच, की कधीकधी ती आधीच उसवून बसायची. बोलता बोलता हात चालायचे आणि बघते तो मांडीवर भलत्याचीच जर्सी, नावाची पट्टी सुटलेली. एक-दोन दिवसांत तो खेळाडू दुसऱ्या संघात गेलेला असे. असं आठदा झालं. गावाला त्याची गंमत वाटे, इर्माला मात्र धडकी भरे.

खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत त्या दिवशी दुपारी दोनला संपणार होती. सव्वाअकराला लॉइड आणि ऑर्व्हिल हे दोघे म्हातारे कॉफीचे पेले घेऊन तिच्या दारात टेकले.

"गोलकीपरला वेव्हरवर टाकणार बघ," लॉइड म्हणाला. "चोवीस तासांत ज्याला हवा त्याने उचलून न्यावा."

"फुकट दिला तरी कोण नेतोय! त्याच्यापेक्षा माझी बायको बरी अडवेल."

"ती काय, तुला चाळीस वर्षं अडवतेच आहे!"

इर्मा हसली. लॉइडची नजर मात्र तिच्या मांडीवर गेली.

"इर्मा, अगं, हातात काय आहे तुझ्या?"

तिने खाली पाहिलं. पट्टीवर तिचंच आडनाव होतं. तिच्या मुलाची, कोरीची जर्सी.

"जा बघू दोघं. आणि कुठे बोलाल तर याद राखा!"

दार लावून पट्टी पुन्हा शिवायला तिने दुहेरी दोरा ओवला. सुनेला नववा लागला होता. नातवंड इथेच, आपल्या हातात यावं, एवढंच तिचं मागणं. जर्सी बर्फातून काढल्यासारखी गार होती. भोकं स्पष्ट दिसत होती. आणि कापलेल्या दोऱ्याचा तुकडा ना मांडीवर, ना जमिनीवर.

दीडला व्यवस्थापक पेल्टिअर आला. टोपी हातात.

"कोरीला पाठवतोय, इर्मा. माझ्या मनातही नव्हतं गं. पण पूर्वेकडच्या संघाचा फोन आला. 'हलुश्चाकचं नाव उसवलंत म्हणे, मग आम्हालाच द्या.' बदल्यात दोन चांगले खेळाडू देतायत."

"त्या दोघा म्हाताऱ्यांनीच जीभ सैल सोडली!"

"त्यांचा काय संबंध? फोन सकाळी नऊला आला."

नऊला खोलीला कुलूप होतं. किल्ली इर्माच्या खिशात होती, आणि ती घरी सुनेचे सुजलेले पाय चेपत बसली होती.

पेल्टिअर गेल्यावर कोरी आला, खांद्यावर सामानाची पिशवी.

"आई, चारचं विमान आहे. तिला घेऊनच जातोय. बाळ तिकडेच होईल. तू येशील ना?"

"येईन रे."

त्याने वाकून तिला मिठी मारली. इर्माने मुठी घट्ट आवळूनच त्याला कवेत घेतलं. त्याच्या कोटाची शिवण अगदी तिच्या बोटांशी आली होती.