अर्थिंगच्या खड्ड्यावरचा ओटा

भिकू मिस्त्री गेल्याचं मला शहापूरच्या बाजारात कळलं. कारखान्यासाठी गोणपाट घ्यायला मी आलो होतो. आमचा गाडीवान धापा टाकत आला आणि म्हणाला, "भाऊ, भिकूदादा गेला. पंपाच्या मोटारीला चिकटला." मी तिथेच गोणपाटावर बसलो. मग त्याने आणखी एक सांगितलं, ते अजून डोक्यात ठणकतंय... "मॅनेजर बोलतात, त्याचीच चूक. अनवाणी होता." प्रेत अजून घरी पोचलं नव्हतं आणि निकाल लागूनही गेला होता! मेलेल्याला तोंड नसतं, हे या लोकांना बरोबर ठाऊक असतं. पण मला तोंड आहे. महिना उलटून गेला, माझा राग तसूभर कमी झालेला नाही आणि तो व्हावा अशी माझी इच्छाही नाही. मॅनेजरांचं नाव मी लिहून पाठवलं होतं, संपादकांनी हात जोडले म्हणून गाळतो. ओळखणारे ओळखतील.

भिकू आणि मी मुरबाडजवळच्या एकाच गावचे, चौथीपर्यंत एकाच बाकावर बसलेले. पुढे तो मुंबईला जाऊन बर्फाच्या कारखान्यात मोटारींचं काम शिकला. लढाईच्या वर्षांत आसनगाव स्टेशनापासून थोड्या अंतरावर बर्फाचा कारखाना निघाला, तिथे मिस्त्री म्हणून आला आणि मलाही गुदामावर लावून घेतलं. आमच्या घरांत तेव्हा रॉकेलच्या चिमण्या. कारखान्यात तेलाच्या इंजिनावर वीज तयार व्हायची, आणि मी तिला वाघासारखा भ्यायचो. भिकू हसायचा. "अरे, तिला जमिनीत जायची घाई असते. तिला सोपी वाट करून दे, मग ती तुझ्या अंगातून कशाला जाईल?" ती सोपी वाट म्हणजे अर्थिंगचा खड्डा. पंपघराच्या मागे पुरुषभर खोल खणलेला, तळाशी तांब्याचा पत्रा, भोवती मीठ आणि कोळसा, आणि पत्र्यापासून मोटारीच्या लोखंडी अंगापर्यंत जाड तार. मोटारीच्या आत एखादी तार उघडी पडून वीज लोखंडात उतरली, तर ती या वाटेने लोंढ्यासारखी जमिनीत जाते. तो लोंढा फ्यूजच्या बारीक तारेला सोसत नाही, ती वितळते आणि मोटार बंद पडते. "ती तार मरायसाठीच ठेवलीय रे," भिकू म्हणायचा, "ती मरते म्हणून आपण जगतो." मात्र खड्ड्यातली माती ओली पाहिजे. सुकी माती विजेला अडवते, मग फ्यूज वितळत नाही आणि मोटारीचं अंग तसंच जिवंत राहतं. आमची जमीन मुरमाड, पाणी धरत नाही. म्हणून पाऊस सरला की भिकू रोज सकाळी त्या खड्ड्यावर दोन बादल्या पाणी ओतायचा.

कोणी माणूस रोज आंघोळीनंतर एकाच जागी पाणी घालतो म्हटल्यावर आमच्याकडे दुसरा अर्थ निघेलच कसा? बर्फावर भाताचं तूस पसरायला बाया यायच्या. त्यांनी तिथे एक गोटा ठेवला, त्याला शेंदूर लावला, झेंडू वाहिला. भिकूने कपाळाला हात लावला. "फुलं नको गो मावश्यांनो, पाणी घाला!" त्या बिचाऱ्या पाणीही घालू लागल्या. तो म्हणाला, "चला, देवाने तरी माझं काम हलकं केलं."

मग यंदाच्या चैत्रात मुंबईचे मालक कारखाना बघायला येणार असं कळलं. भिकू आईच्या आजारपणासाठी आठ दिवस गावी गेला होता. मॅनेजरांना पंपघरामागचा चिखल खुपला. त्यांनी गवंडी बोलावला आणि त्या जागेवर छान गुळगुळीत ओटा बांधून घेतला, वर मधोमध तो गोटा. मालकांनी नारळ फोडला. दोन गोणी सिमेंट मी माझ्या हातांनी काढून दिलं. भिकूने इतकं समजावलेलं तुला आठवलं नाही का, असं कोणी विचारेल. आठवलं होतं. मी बोललो नाही... त्याची शिक्षा मी भोगतोय, पण मॅनेजरांच्या वाटणीची मी का भोगू?

भिकू परत आला आणि थेट मॅनेजरांच्या खोलीत शिरला. मी दारात होतो. "साहेब, पाणी आत उतरत नाय. ओटा फोडायला लागेल." मॅनेजर हसले. "देवावर पहार घालतोस? या बाया मला जिवंत सोडतील का?" स्वतः कधी त्या गोट्याला हात न जोडणारा माणूस! भिकू म्हणाला, "मग दुसरा खड्डा खणू." उत्तर आलं, "उन्हाळा जाऊ दे. आत्ता बर्फाला मागणी आहे." भिकूने सगळ्यांना बजावलं, पंपाला मीच हात लावणार, दुसऱ्या कोणी नाही. पुढचं मला बायांनी सांगितलं. वैशाखात त्या पंपातून पाणी गळायला लागलं. भिकू मोटार बंद करायला निघाला, तर मॅनेजर ओट्याजवळून ओरडले, "बंद करायची नाही! स्टेशनात बर्फासाठी वॅगन उभी आहे!" ओल्या फरशीवर वाकून, चालू मोटारीशेजारी तो नट आवळत होता. गळक्या पाण्याने मोटारीच्या लोखंडात वीज उतरली होती, आणि त्याचा कोपर तिला लागला.

तेराव्यानंतर कारखान्याच्या अंगणात शोकसभा झाली. भिकूची बायको येसू बायांमध्ये बसली होती. पंप चालू होता, भिंतीवरच्या खटक्याने लांबूनच सुरू केलेला. नवा मिस्त्री मिळाला नव्हता आणि कोणी पंपाच्या जवळ जात नव्हतं. मॅनेजर फार गोड बोलले. भिकू कष्टाळू, भिकू प्रामाणिक, फक्त जरा निष्काळजी... माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी उठलो. "साहेब, मोटारीत दोष नव्हता ना? मग वहाणा काढा आणि तिच्यावर हात ठेवा. इथे, सगळ्यांसमोर." ते म्हणाले, "हा काय पोरकटपणा?" मी म्हटलं, "दोष अनवाणी पायांचा होता म्हणता, तर आम्ही सगळेच अनवाणी आहोत. कोण लावतो हात?"

येसू उठली. पदर खोचला आणि पंपघराच्या उघड्या दाराकडे चालू लागली. मला वाटलं ती रडायला चाललीय. ती मोटारीसमोर थांबली, ओल्या फरशीवर पाय रोवले आणि हात उचलला.

"अगं हात लावू नको, मरशील!" मॅनेजर किंचाळले. खुर्ची उलटली त्यांची.

येसूने हात तसाच हवेत धरला आणि मागे वळून पाहिलं.

"म्हंजे तुमाला ठावं होतं," ती म्हणाली.