आमच्या मुरमातले बटाटे

अंबडच्या कारखान्यात यांना कायम केलं आणि आम्ही जवळच्या कॉलनीत दोन खोल्यांचं घर बांधलं. मागे दोन खाटा मावतील एवढी जागा उरली होती. तिथे मुरूम, विटांचे तुकडे आणि वाळलेल्या सिमेंटची ढेकळं पडलेली. यांना तिथे फरशी घालून स्कूटर लावायची होती. सासूबाईंच्या मनात मात्र वेगळंच होतं.

त्यांचं सगळं आयुष्य मनमाडकडच्या खेड्यात दुसऱ्यांच्या वावरात कांदे लावण्यात गेलं होतं. स्वतःची म्हणावी अशी वीतभर जमीन त्यांच्या वाट्याला कधी आली नाही. दसऱ्यानंतर एकदा मी कोंब फुटलेले बटाटे टाकायला निघाले, तर त्यांनी टोपली ओढून घेतली.

"हे लावू मागं."

"आई, त्या मुरमात?"

"मुरूम काढू, माती आणू. हात हायत ना?"

हे हसले. "आई, तू कांद्यातली बाई. बटाट्यातलं तुला काय कळतं?"

"नाय कळत. लावल्याबिगर कसं कळंल?"

शेवटी ठरलं, हा एक हिवाळा त्यांचा. काही आलं नाही तर फरशी.

शाळेत शिकवून घरी आले की मी पदर खोचून कुदळ घ्यायची. मी खणायची, सासूबाई घमेल्याने मुरूम बाहेर टाकायच्या. माझ्या तळव्यांना फोड आले, त्यांवर त्या रात्री हळद-तेल लावून द्यायच्या. जवळच्या एका मळ्यात विहिरीचा गाळ काढून टाकला होता. मळेवाल्या बाईंनी "न्या की" म्हटलं, आणि मग तोंड वाकडं करत का होईना, हेच स्कूटरवर गोण्या आणू लागले.

बटाट्यांच्या फोडी राखेत घोळवून आम्ही लावल्या आणि हौसेने पाणी घालत सुटलो. बहुतेक सगळ्या कुजल्या. सासूबाई त्या रात्री जेवल्या नाहीत. सकाळी उठून मात्र म्हणाल्या, "उरलेत ते आण." या वेळी उंच वरंब्यावर लावल्या आणि पाणी हात राखून दिलं. थंडी पडली तशी गर्द पानं वर आली. झाडं वाढतील तशी आम्ही बुंध्याला माती चढवत गेलो.

हिवाळा सरता सरता झाडं पिवळी पडून आडवी झाली. "मेली," हे म्हणाले आणि रविवारी फरशीवाल्यालाच घेऊन आले. तो टेप काढून मापं घेऊ लागला. सासूबाई त्याच्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या.

"आधी खणू दे. मग काय ते कर."

पहिल्या झाडाखाली काहीच नव्हतं. फरशीवाल्याने माझ्याकडे पाहिलं, मी मान खाली घातली. सासूबाईंनी दुसऱ्या झाडापासून वीतभर लांब कुदळ रोवली आणि उचलली. माती फुटली आणि आतून एकामागून एक बटाटे घरंगळले. पातळ सालीचे, मुठीएवढे.

 हे पँटची पर्वा न करता मातीत बसले आणि दोन्ही हातांनी उकरू लागले. "आई, इथे अजून आहेत! अगं, हा बघ केवढा!" फरशीवालाही टेप खिशात घालून उकरायला बसला. घमेलं भरलं, बादली भरली, मग मी घरातून परात आणली. आरडाओरडा ऐकून गल्लीतल्या बाया कुंपणाशी जमल्या.

सासूबाईंनी लुगड्याचा ओचा बटाट्यांनी भरला आणि कुंपणाशी गेल्या. प्रत्येकीच्या पदरात ओंजळ ओंजळ टाकत त्या म्हणत होत्या, "घ्या, घरचे हायत. आमच्या जमिनीतले." दुसऱ्याच्या वावरातून राहिलेले कांदे मागून आणणाऱ्या त्या बाईचा आवाज इतका मोठा मी त्याआधी कधी ऐकला नव्हता.

रात्री काळ्या मसाल्याचा रस्सा केला. फरशीवाल्यालाही जेवायला थांबवलं. भाकरी कुस्करता कुस्करता त्याने विचारलं, "आजी, लावायला थोडे द्याल का?"

"देते की," सासूबाई म्हणाल्या. "पण पाणी जास्त घालू नको."