मुरगूडजवळची उसळती बोअर

ह्यांची वाचा जाऊन वर्ष होत आलं होतं. अर्धांगाचा झटका आला, हातपाय सावरले, पण जीभ काही सुटली नाही. डॉक्टर म्हणाले, घरात कोंडून ठेवू नका, नवीन काही दिसलं, ऐकलं, तर शब्द फुटेल. मग काय, जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, आत पलंग आणि शेगडी बसवून घेतली आणि कोल्हापूर सोडलं. गाडी मीच चालवते. लोक डोळे फाडून बघतात. बघू देत, माझ्या बापाचं काय जातंय.

मुरगूडच्या अलीकडं चहाच्या टपरीवर कळलं, की एका रानातली बोअर मोटारीशिवाय आपोआप उसळते. म्हटलं, चला, हेही ह्यांना दाखवू. खरं सांगते, मी अगदी टेकीला आले होते. वर्षभर एकटंच बोलत राहिलं की माणूस खुळं व्हायचंच बाकी राहतं.

ऊस डोक्याच्या वर गेलेला. रानाची मालकीण, माझ्याच वयाची बाई, पुढं चालत होती. भर दुपारी एकही पाखरू बोलत नव्हतं. मधल्या मोकळ्या जागेत जमिनीतून लोखंडी पाइप वर आलेला, त्याला हळदकुंकू लावलेलं, बुडाशी खण-नारळ. बाई म्हणाली, पाणी यायच्या आधी ही वारा आत ओढते. तिनं उसाचा वाळका पाला पाइपच्या तोंडाशी धरला. तो सर्रकन आत गेला.

मग खाली खोल कुणीतरी घसा खाकरल्यासारखा आवाज झाला आणि पाणी नारळाच्या झाडाएवढं उडालं. आम्ही भिजलो. पाणी गार नव्हतं, अंगाइतकं कोमट होतं. थोड्या वेळानं ते बसलं, पाइपात नुसती गुरगुर उरली. हे एकटक तिकडंच बघत होते. आणि स्वच्छ म्हणाले,

"ओ. आलो."

आई गं, मला रडूच कोसळलं. ह्यांचा तोच जुना आवाज, जसाच्या तसा. मी ह्यांना मिठी मारणार, तोवर त्या बाईनं माझा दंड धरला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. तिनं हळूच विचारलं, "ताई, ह्येंना तुमी हाक मारलीसा?"

मी मारली नव्हती. तिनंही नाही. हे पाइपाकडं निघाले होते. मी धावत जाऊन ह्यांचं मनगट पकडलं, पाइपाच्या तोंडाशी वाकले आणि आत तळापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "व्हय. मीच मारली. मलाच ओ दिलीया ह्येंनी."