रघुनाथ मास्तरांची शेवटची तपासणी

डिप्युटी साहेब शाळा तपासायला आले की रघुनाथ मास्तर वर्गाबाहेर पायरीवर जाऊन बसत. इतर शाळांचे हेडमास्तर त्या दिवशी साहेबांच्या खुर्चीमागे उभे राहून मुलांना खुणा करत. मास्तर सुपारी कातरत बसत. कुणी विचारलं तर म्हणत, "मी आत असलो की पोरं माझं तोंड बघतात. उत्तर काय माझ्या तोंडावर लिहिलंय?"

आरे-वारेजवळच्या आमच्या गावात लोकल बोर्डाची ही शाळा होती. १९२० नंतरची काही वर्षं मी तिथं शिकलो. शेरा दर वर्षी उत्तम मिळे. मास्तर ठेंगणे, आवाज बारीक. पण शाळेत शिरताना ते स्वतःच्या घरात शिरल्यासारखे शिरत. "माझी नोकरी राजाला कळली तर मागायला येईल," असं सहज बोलत. त्यात बढाई नसे. ते खरोखर सुखी होते.

महारवाड्यातली मुलं तेव्हा शाळेच्या पडवीत बसत आणि खिडकीतून फळा दिसेल तेवढं शिकत. एका वर्षी वरून हुकूम आला: सर्व मुलांना एकत्र बसवावे. असे हुकूम बहुतेक हेडमास्तर दप्तरात ठेवून देत आणि साहेब येतील त्या दिवसापुरती मुलं आत घेत. मास्तरांनी हुकूम वाचला आणि दुसऱ्याच दिवशी पडवीतल्या तुकारामला आणि त्याच्या बहिणीला आमच्या रांगेत बसवलं.

गावचे खोत शाळेत आले. "मास्तर, पोरं शिकवा. गाव शिकवू नका."

"अण्णा, पोरं मोठी झाली की तीच गाव होतात."

"मग होईपर्यंत आमच्या घरीच राहू देत."

शाळा ओस पडली. मलाही घरी बसवलं. कुळं मास्तरांना रस्त्यात गाठून सांगत, "आमी खोताच्या जमनीत ऱ्हातो, मास्तर. पोरास धाडू कसा?"

तपासणी जवळ आली तेव्हा मास्तरांच्या पत्नी म्हणाल्या, "एकदा अण्णांकडे जाऊन या हो."

"कशाला? साहेब मुलं तपासायला येतात, गाव नव्हे."

इथं मास्तरांचा अंदाज चुकला. तपासणीला तुकाराम, त्याची बहीण आणि भंडारवाड्यातली दोन-चार मुलं होती. साहेबांनी विचारलेलं सगळं त्यांनी सांगितलं. साहेब बाहेर पायरीपाशी आले. पुढचं बोलणं मास्तरांनी मला नंतर सांगितलं.

"मुलं तयार आहेत हो. पण शाळा कुठाय?"

"हुकूम तुमच्याच कचेरीचा होता, साहेब."

"हुकूम निघतात, मास्तर. शाळा तुम्ही चालवायची."

शेरा पडला: मुख्य शिक्षकांचे गावात वजन नाही. मास्तरांची रत्नागिरीला बदली झाली, दुय्यम शिक्षक म्हणून. नव्या हेडमास्तरांनी त्या भावंडांना पुन्हा पडवीत बसवलं. वर्ग भरले. पुढच्या वर्षीचा शेरा उत्तम होता.

पुढे मी रत्नागिरीत एका साप्ताहिकात लागलो आणि मास्तरांकडे जाऊ लागलो. त्यांच्या शाळेतले लोक सांगत, की हे गृहस्थ मुलांना कविता कुठली द्यावी तेसुद्धा हेडमास्तरांना विचारतात. एकदा चहा घेताना त्यांनी मला अचानक विचारलं, "मला शिकवता येत होतं ना रे?"

मी हो म्हटलं. त्यांनी ऐकून घेतलं. पटलेलं दिसलं नाही.

त्यांच्या पेन्शनीच्या सुमारास मी बसलेलो असताना तुकाराम आला. सातवीची फायनल परीक्षा पास झाला होता, मास्तरची नेमणूक मिळाली होती. तो अंगणाबाहेरच थांबला. मास्तरांनी उठून त्याला हाताला धरून ओटीवर आणलं.

"शाळा कुठली?"

"महारवाड्यातली, गुरुजी. आमच्या मुलांसाठी बोर्डानं वेगळी काढलीय."

मास्तर सुपारी कातरू लागले.

"बरं," ते म्हणाले. "तिथं हजेरी भरेल."

तुकारामला तो आशीर्वाद वाटला. त्यानं वाकून नमस्कार केला.